यजमानावांचून आतिथ्य

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरचा एखादा मुलगा, मुलगी, सून अथवा जांवई नोकरीनिमित्त युरोपांत आहे, अशा कुटुंबांतील वडील मंडळींस दोन-तीन वर्षांतून एकदां तरी तिकडे जाण्याचा योग येतो. पूर्वीं काशीयात्रा करून आलेल्या गृहस्थास शेजारीपाजारी वाटेवरील धर्मशाळांविषयीं खोदखोदून विचारीत. हल्लीं तोच प्रश्न तिकडील हॉटेलांविषयीं विचारला जातो. विमान, थंडी, शाकाहार यांविषयीं सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु उतरण्याच्या जागेसंबंधीं एक नवी रीत गेल्या कांहीं वर्षांत तिकडे, आणि आतां आपल्याकडेहि, फार झपाट्यानें पसरली आहे. तिच्याविषयीं घरांतील तरुण मंडळी आपणांस कांहींच सांगत नाहींत, कारण त्यांत सांगण्यासारखें कांहीं आहे असें त्यांस वाटतच नाहीं. ही रीत म्हणजे 'सेल्फ चेक-इन'. पाहुण्यानें यावें, आपलें आपण दार उघडावें, आपली खोली शोधून काढावी, राहावें आणि निघून जावें. या सबंध व्यवहारांत हॉटेलच्या बाजूचा एकहि मनुष्य त्याच्या दृष्टीस पडण्याचें कारण नाहीं, अशी ही योजना आहे. २०२४ च्या मे महिन्यांत इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं अशा एका जागेंत चार रात्री राहण्याचा प्रसंग आम्हांस आला. त्या अनुभवावरून, व त्या निमित्तानें पुढें जें वाचनांत आलें त्यावरून, हें लिहीत आहों.

'बुटीक हॉटेल' हा शब्द प्रथम समजून घ्यावा. फ्रेंच भाषेंत बुटीक म्हणजे लहानसें दुकान. न्यूयॉर्क येथें १९८४ मध्यें मॉर्गन्स नांवाचें एक हॉटेल निघालें. त्याच्या चालकांपैकीं एकानें मोठ्या हॉटेलांस हरजिन्नसी दुकानाची व आपल्या हॉटेलास अशा लहान दुकानाची उपमा दिली, आणि तेव्हांपासून हा शब्द रूढ झाला, असें सांगतात. खोल्या थोड्या, पण प्रत्येकीची मांडणी निराळी व चोखंदळ, हें त्याचें लक्षण. आमची जागा आर्नो नदीच्या दक्षिण तीरावर, सांतो स्पिरितो चर्चच्या पलीकडील एका गल्लींत होती. जुन्या दगडी इमारतीचा दुसरा व तिसरा मजला मिळून एकंदर आठ खोल्या. छताला काळ्याभोर तुळया, खिडक्यांस हिरव्या लाकडी झडपा, आणि लिफ्ट नाहीं.

आमची कन्या म्युनिक येथें असते. तिनें ही जागा ठरविली; परंतु ऐन वेळीं कचेरींतील कामामुळें तिचें निघणें लांबलें. "बाबा, तुम्ही आणि आई पुढें जा. तेथें कोणाशीं बोलावें लागत नाहीं, सर्व फोनवर येतें," असें तिनें आम्हांस सांगितलें. हा तिच्या दृष्टीनें दिलासा होता. जाण्याच्या तीन दिवस आधीं फोनवर एक दुवा आला. तेथें आम्हां उभयतांच्या पारपत्रांचीं छायाचित्रें, जन्मतारखा व शहराचा प्रवासी कर भरावयाचा होता. जाण्याच्या दिवशीं सकाळीं सहा आंकड्यांची एक संख्या आली. तीच रस्त्यावरील दरवाजास चालते, तीच खोलीच्या दारास. दुपारीं तीन वाजतां ती जिवंत होते आणि निघण्याच्या दिवशीं सकाळीं अकरा वाजतां मरते.

हें कुलूप दूरवरच्या कचेरीशीं प्रत्येक वेळीं बोलत असेल अशी आमची समजूत होती; परंतु यांपैकीं पुष्कळ कुलुपांस तसें बोलावें लागतच नाहीं. कुलूप व कचेरींतील यंत्र या दोहोंजवळ एकच गुप्त संख्या ठेवलेली असते व दोहोंजवळ घड्याळ असतें. ती संख्या व काळ यांवरून ठराविक गणितानें पाहुण्याचे आंकडे निघतात. दारावर ते दाबले म्हणजे कुलूप तेंच गणित करून पडताळा घेतें. एकच करणग्रंथ बाळगणारे दोन ज्योतिषी, एक पैठणास व दुसरा वाईस बसून, परस्परांस पत्र न लिहितां एकच तिथि काढतात, तसाच हा प्रकार. आम्हांस या युक्तीचें कौतुक वाटलें, व तें लपविण्याचें कारण नाहीं.

पहिल्या सायंकाळीं तक्रार करण्यासारखें कांहीं घडलें नाहीं. आंकडे दाबले, दिवा हिरवा झाला, दार उघडलें. अठ्ठावन्न पायऱ्या चढून वर गेलों. खोली स्वच्छ, पलंगावर धुवट चादरी, टेबलावर केटली व एक छापील कागद. कोणी बक्षिसासाठीं घोटाळत नाहीं, सामानाकडे पाहून आपली ऐपत जोखीत नाहीं, रात्रीं उशीरा आलों म्हणून कपाळास आंठ्या घालीत नाहीं. एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रियांस तर ही सोय फार आवडते, असें आमच्या कन्येचें म्हणणें. आणि तें खोटें नसावें.

मग हॉटेलवाल्यांनीं दाराशींचा माणूस काढला कां? याचें उत्तर अंकगणितांत आहे. आठवड्याचे तास १६८. एका मनुष्याकडून आठवड्यास ४० तास काम घेतलें, तर एक खुर्ची अहोरात्र भरलेली ठेवण्यास चार माणसेंहि पुरत नाहींत; रजा व आजारपण धरलें तर पांच लागतात. दोनशें खोल्यांच्या हॉटेलास पांच पगार जड नाहींत, आठ खोल्यांस ते परवडणें शक्य नाहीं. पूर्वीं असल्या लहान जागा कशा चालत? तर फ्लॉरेन्समध्यें त्यांस 'पेन्सिओने' म्हणत, आणि त्या कुटुंबानें चालविलेल्या असत. फॉर्स्टर यांच्या १९०८ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी कादंबरीचा आरंभ फ्लॉरेन्समधील असल्याच एका बिऱ्हाडीं होतो; यजमानीण बाईनें नदीकडची खोली देण्याचें वचन मोडलें म्हणून पाहुण्या जेवणाच्या टेबलावर कुरकुर करीत असतात. निदान कुरकूर जिच्यासंबंधानें करावी ती बाई त्याच घरांत होती. घरची म्हातारी दाराजवळ निजे, तिला पगार नसे. आपल्याकडील खाणावळी व बिऱ्हाडें अशाच बिनपगारी म्हातारपणावर चालत आलीं, हें आमच्या भगिनींस निराळें सांगावयास नको.

माणूस काढण्याची कल्पना तशी अगदीं नवीहि नाहीं. फ्रान्समध्यें १९८५ च्या सुमारास 'फॉर्म्युल १' या नांवाचीं स्वस्त हॉटेलें निघालीं. तेथें रात्रीं दाराशीं माणसाऐवजीं यंत्र असे, व त्यांत बँकेचें कार्ड घातलें म्हणजे खोली मिळे. जपानांत तर नागासाकी प्रांतीं २०१५ मध्यें एक हॉटेल निघालें, त्यांत पाहुण्यांचें स्वागत यंत्रमानव करीत. खोलींत एक बोलकी बाहुली असे. पाहुणा घोरूं लागला कीं तो आपल्यास कांहीं विचारीत आहे असें वाटून ती त्यास जागें करी व "पुन्हां सांगा" म्हणे! २०१९ च्या आरंभास त्या हॉटेलानें आपल्या २४३ यंत्रमानवांपैकीं निम्म्याहून अधिक कामावरून दूर केले. माणसास काढून यंत्र ठेवल्याचीं उदाहरणें पुष्कळ. यंत्रास काढल्याचें हें विरळा म्हणून सांगितलें.

दाराशीं माणूस असणें हें नेहमीं सुखाचेंच होतें, असेंहि मानूं नये. आमच्या लहानपणीं त्र्यंबकेश्वरीं आजोबांसह गेलों असतां तीर्थोपाध्यायांनीं गांव व आडनांव विचारून लाल कापडांत बांधलेली वही काढली, आणि तींत आजोबांच्या वडिलांची मोडी सही दाखविली. परक्या गांवीं आपल्या पणज्याच्या हस्ताक्षरानें आपलें स्वागत व्हावें, याहून मोठें आतिथ्य कोणतें? परंतु तोच 'गांव कोणतें, आडनांव काय' हा प्रश्न दुसऱ्या एखाद्यास बाहेर ठेवण्यासाठींहि विचारला जात असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेंतून व इंग्लंडांतून शिकून आल्यावर १९१७ मध्यें बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यास गेले. त्यांस उतरण्यास जागा मिळेना. एका पारशी पथिकाश्रमांत वहीवर पारशी नांव घालून त्यांस राहावें लागलें. आणि कांहीं दिवसांनीं काठ्या घेतलेला जमाव येऊन उभा राहिल्यावर तेंहि सोडावें लागलें. हा वृत्तांत त्यांनीं स्वतः लिहून ठेविला आहे. नोंदवही व दाराशींचा मनुष्य यांचें हें दुसरें रूप होय. धर्मशाळेंत व सराईंत अस्पृश्यतेच्या कारणावरून मज्जाव करणें १९५५ च्या कायद्यानें गुन्हा ठरलें. तरीहि जागा देतांना नाना प्रश्न विचारणारे कारकून कोणास भेटले नाहींत? सहा आंकड्यांचें कुलूप जात विचारीत नाहीं. जुन्या आतिथ्याचे गोडवे गातांना आमच्यासारख्यांनीं हें विसरूं नये.

आतां दुसऱ्या रात्रीची हकीकत. अडीचच्या सुमारास आमच्या दारावर थापा पडल्या. शेजारच्या खोलींतील पोर्तुगीज बाई, वय सत्तरीच्या आंतबाहेर, थरथर कांपत उभी होती. तिला इंग्रजी फारसें येत नव्हतें. पण छातीवर हात ठेवून तिनें आपल्या खोलीकडे बोट दाखविलें, त्याचा अर्थ समजण्यास भाषा लागली नाहीं. आंत तिचे यजमान पलंगाच्या कडेस बसलेले, चेहरा घामानें भिजलेला, श्वास घेणें कठीण झालेलें. खालीं कोणी नाहीं, वर कोणी नाहीं. छापील कागदावरील क्रमांकास फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर एका ध्वनिमुद्रित आवाजानें कचेरीची वेळ सकाळीं नऊ ते सायंकाळीं सात असल्याचें अत्यंत सौजन्यानें सांगितलें. मग ११२ हा क्रमांक फिरविला. युरोपांत कोठेंहि संकटसमयीं हाच चालतो. तेथें इंग्रजी जाणणारें माणूस मिळालें. पत्ता कागदावर होता, तो वाचून दाखविला.

त्या माणसानें शेवटीं विचारलें, "रस्त्यावरचें दार कोण उघडेल?"

आंतून तें दार बटणानें उघडतें, बाहेरून आंकड्यांवांचून उघडत नाहीं. घंटा आहे, पण ती वाजून ऐकावयास कोणी नाहीं. आम्ही सौ.ला त्या बाईपाशीं बसविलें, अंगावर कोट चढविला आणि अठ्ठावन्न पायऱ्या उतरून दार उघडें धरून उभे राहिलों. गल्लींत चिटपाखरूं नव्हतें. पंधरा-वीस मिनिटांत गाडी आली. तिच्यावर 'मिझेरिकोर्दिया' असें नांव होतें. तिघे तरुण व एक तरुणी, खुर्चीसारखी घडीची डोली घेऊन, बोलतां बोलतां वर गेलीं व गृहस्थांस हलक्या हातानें खालीं घेऊन आलीं. मागाहून कळलें कीं फ्लॉरेन्सची ही संस्था १२४४ सालीं स्थापन झालेली आहे, आणि तिच्या रुग्णवाहिकांवर मुख्यतः विनावेतन काम करणारे स्वयंसेवक असतात. ज्या घरानें रात्रीसाठीं भाडें घेतलें होतें त्याचा एकहि मनुष्य तेथें नव्हता. ज्यांस कवडी मिळावयाची नव्हती अशीं चौघें मध्यरात्रीं जिना चढलीं.

गृहस्थांचें हृदय वेळेवर उपचार मिळाल्यामुळें सांवरलें, हें प्रथम सांगितलें पाहिजे. परंतु त्या बाईंची कथा तेवढ्यावर संपली नाहीं. त्यांच्या मुक्कामाची मुदत त्याच सकाळीं संपत होती. दुपारीं बारानंतर त्या रुग्णालयांतून सामान नेण्यास आल्या, आणि आंकडे दाबतात तों दिवा लाल! अकरा वाजून गेले होते. नवरा रुग्णालयांत, औषधांची पिशवी वर, आणि ती वृद्ध स्त्री परक्या शहरांत रस्त्यावर. आमची कन्या त्याच सुमारास स्टेशनावरून आली, तिला ती दाराशीं रडतांना दिसली. कन्येनें आपल्या आंकड्यांनीं रस्त्याचें दार उघडलें, कचेरीस फोन केला. आतां माणूस भेटला, त्यानें पुष्कळ दिलगिरी प्रदर्शित केली आणि दूरवरून खोलीचें दार दहा मिनिटांसाठीं उघडून दिलें. कुलुपानें वावगें कांहीं केलें नाहीं. त्यास अकरा सांगितले होते, त्यानें अकरा पाळले. अकराला नकार देण्याचा अधिकार ज्याला असतो तो मनुष्य त्या योजनेंत नव्हता.

त्या रात्रीपासून कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील एक शब्द आमच्या मनांत घोळत आहे. हा ग्रंथ शतकानुशतकें लुप्तप्राय होता. म्हैसूरचे पंडित श्यामशास्त्री यांनीं तो १९०९ मध्यें छापून प्रसिद्ध केला. नगराच्या व्यवस्थेसंबंधींच्या प्रकरणांत धर्मशाळेच्या चालकानें आलेल्या वाटसरूंची वर्दी देऊन मगच त्यांस ठेवून घ्यावें, असा नियम आहे. गृहस्थानेंहि घरीं कोण आला व कोण गेला तें कळवावें. न कळविल्यास त्या रात्रीं जें अनिष्ट घडेल त्याचा दोष त्याच्या माथीं, आणि कांहीं न घडलें तरी तीन पण दंड. या दोषास ग्रंथकार 'रात्रिदोष' म्हणतो. नोंद कशासाठीं ठेवावयाची, तर रात्रीचें उत्तरदायित्व कोणाकडे हें ठरावें म्हणून.

नवल असें कीं, इटलींत आमच्या मुक्कामानंतर सहा महिन्यांच्या आंत नेमका याच प्रश्नावरून वाद पेटला. तेथील १९३१ च्या सार्वजनिक सुरक्षिततेच्या कायद्याचें १०९ वें कलम असें कीं, उतारू ठेवून घेणारानें त्याचें ओळखपत्र पाहावें व त्याची माहिती चोवीस तासांच्या आंत पोलिसांस कळवावी. आतां ही माहिती संगणकावरून जाते. परंतु पाठविलेलें छायाचित्र ज्याचें आहे तोच इसम खोलींत शिरला कशावरून? १८ नोव्हेंबर २०२४ रोजीं गृहखात्यानें परिपत्रक काढलें, कीं केवळ दुरून कागद मागवून व आंकडे पाठवून कलमाची पूर्तता होत नाहीं. पाहुण्यास समक्ष पाहिलें पाहिजे. घरवाल्यांची संघटना न्यायालयांत गेली. २०२५ च्या मे महिन्यांत रोम येथील प्रशासकीय न्यायालयानें परिपत्रक रद्द केलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत वरिष्ठ परिषदेनें तो निकाल फिरवून गृहखात्याचें म्हणणें ग्राह्य धरलें. सरकारची चिंता चोर व घातपाती यांसंबंधींची आहे, आजारी म्हाताऱ्यांसंबंधींची नव्हे. पाहुण्याचें तोंड कोणी तरी पाहावें, एवढ्यापुरते मात्र आम्ही सरकारच्या बाजूचे आहों.

फ्लॉरेन्सच्या नागरिकांचा राग निराळ्या कारणाचा होता. जुन्या शहरांत राहतीं घरें भराभर प्रवाशांस भाड्यानें जाऊं लागलीं, आणि दारोदारीं, गजांस, पाण्याच्या नळ्यांस किल्ल्या ठेवण्याच्या लहान डब्या लटकूं लागल्या. आंकडे जुळविले कीं डबी उघडते, आंत किल्ली. २०२४ च्या अखेरीस कांहीं लोकांनीं अशा डब्यांवर तांबड्या पट्ट्यांच्या फुल्या मारल्या, आणि २०२५ च्या आरंभीं नगरपालिकेनें जुन्या शहरांत त्यांस बंदी केली. शेजारी कोण राहतो हें ज्या गल्लींत पिढ्यान्पिढ्या ठाऊक असे, तेथें रोज नवीं तोंडें व चाकांच्या पेट्यांचा खडखडाट, हें सोसणें सोपें नव्हे. कोंकणांतील व गोव्यांतील वाचकांस हें अधिक सांगण्याची गरज नाहीं.

कुलुपाच्या भरंवशाविषयींहि दोन शब्द. १९७४ मध्यें अमेरिकेंत एका नामांकित गायिकेवर प्रवासी हॉटेलच्या खोलींत अत्याचार झाला. खोलीचें सरकतें दार नीट बंद होत नव्हतें. तिनें फिर्याद केली, व १९७६ मध्यें पंचांनीं हॉटेलास पंचवीस लाख डॉलरची भरपाई देण्यास सांगितलें. अर्थशास्त्राच्या भाषेंत हॉटेलाच्या माथीं रात्रिदोष बसला. याच प्रकरणानें अस्वस्थ होऊन टोर सोर्नेस या नॉर्वेजियन कारागिरानें बत्तीस भोंकांची प्लॅस्टिकची किल्ली योजिली, जी पाहुणागणिक बदलतां येई. हॉटेलच्या हल्लींच्या कार्डांचा उगम तेथें आहे. म्हणजे हीं नवीं कुलुपें पाहुण्याच्या रक्षणासाठींच जन्मास आलीं. परंतु त्यांसहि चोरवाटा निघतात. २०१७ च्या जानेवारींत ऑस्ट्रियांतील सरोवरकांठच्या एका हॉटेलाचें संगणक लुटारूंनीं दुरून बंद पाडलें. नव्या पाहुण्यांस किल्ली-कार्डें देतां येईनात, तेव्हां सुमारें दीड हजार युरोंची खंडणी द्यावी लागली. पुढें मालकानें पणजोबांच्या वेळेसारख्या साध्या किल्ल्या लावण्याचा मनोदय बोलून दाखविला.

चवथ्या दिवशीं आम्ही पायीं पायीं अनाथ अर्भकांच्या त्या प्रसिद्ध आश्रमाकडे गेलों. ब्रुनेलेस्की यानें रचिलेल्या कमानींची ती इमारत. १४४५ च्या फेब्रुवारींत तेथें पहिलें अर्भक आलें. ओसरीच्या एका टोंकास, जेथें बायका रात्रीं आपलीं मुलें ठेवून जात, ती जागा अजून दाखवितात; १८७५ मध्यें ती बंद झाली. आणणारीनें नांव सांगूं नये, तोंड दाखवूं नये, कोणी तिला विचारूं नये, हाच तिचा हेतु. दाराशीं कोणी न दिसण्याची सोय या शहरास नवी नाहीं, असें आम्ही सौ.ला म्हणालों. ती म्हणाली, "पण आंत कोणी तरी जागें असे ना?"

आतां ज्यांस जावयाचें आहे त्यांच्यासाठीं. जागा ठरविण्यापूर्वीं मुलास अथवा सुनेस एवढेंच विचारावें, कीं रात्रीं त्या इमारतींत कोण असतें. 'फोन नंबर आहे' हें त्याचें उत्तर नव्हे. तो नंबर रात्रीं दोन वाजतां कोण उचलतें हें आधींच एकदां लावून पाहावें. जिन्याच्या पायऱ्या किती तेंहि विचारावें, लाजूं नये. आंकडे, पूर्ण पत्ता, मजला व ११२ हें सर्व कागदावर शाईनें लिहून उभयतांच्या खिशांत निरनिराळें ठेवावें, कारण फोन एकाच्याच खिशांत असतो आणि आजारी कोण पडेल हें ठरलेलें नसतें. पोंचल्याबरोबर शेजारच्या खोलीस नमस्कार-चमत्कार करावा. तिकडे ती रीत नाहीं, पण कोणी रागावत नाहीं. आपल्या शहरांतहि असल्या जागा आतां निघत आहेत, आणि परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांच्या आंत कळविण्याचें बंधन आपल्याकडेहि आहे. आपल्याच वाड्याच्या रिकाम्या खोल्या अशा रीतीनें देण्याचा जे विचार करीत असतील, त्यांनीं कुलुपाची किंमत काढतांना रात्रीच्या माणसाचीहि काढावी.

परत आल्यावर आम्हीं त्या घराच्या मालकास सविस्तर पत्र लिहिलें. कन्येनें त्याचें इटालियन केलें. रागाचा शब्द त्यांत नव्हता, पांच पगारांचें गणित आम्हीं स्वतःच मांडलें होतें. महिन्याभरानें उत्तर आलें. त्यानें लिहिलें कीं, वरच्या गच्चीजवळची अडगळीची खोली साफ करून विश्वविद्यालयांत शिल्पशास्त्र शिकणाऱ्या एका दूर गांवच्या विद्यार्थ्यास भाड्यावांचून दिली आहे. अट एवढीच कीं रात्रीं दहापासून सकाळीं सातपर्यंत त्यानें तेथें निजावें आणि दाराची घंटा त्याच्या उशाशीं वाजावी. पुण्यांत वारानें जेवून शिकलेल्या आमच्या वडिलांस हा सौदा चटकन् समजला असता. छापील कागदावर आतां त्या मुलाचें नांवहि घातलें आहे, असें शेवटच्या ओळींत होतें.